कोकण किनाऱ्यावर रोज बिघडणारे गिअर : स्क्रू फिरवण्याआधी काय बघायचं

तक्रार साधारण अशी असते. निघण्याआधी सायकल नीट सर्व्हिस केलेली असते. मांडव्याला बोटीतून उतरून अलिबाग, रेवदंडा, काशीदपर्यंत गिअर एका टिचकीत पडतात. मुरुड मागे पडलं की चेन कुरकुरायला लागते. श्रीवर्धन-हरिहरेश्वर करून बाणकोटच्या बाजूला येईतो एका टिचकीला गिअर पडत नाही, दोनदा दाबावं लागतं, आणि मग चढावर मध्येच आपणहून उडी मारतो. मुक्कामाला बॅरल (केबलचा ताण कमी-जास्त करणारी छोटी फिरकी) फिरवून ठीक केलं की सकाळी थोडा वेळ बरं चालतं. दाभोळच्या धक्क्यावर उतरेपर्यंत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोकण राइडचा हंगाम, आणि तेव्हा सगळीकडून हाच प्रश्न येतो. त्यावर मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं : 'इंडेक्सिंग करून घे', म्हणजे एका टिचकीला एकच गिअर पडेल असा केबलचा ताण जुळवून घे. माझ्या मते नव्वद टक्के गोंधळ या उत्तरानेच होतो. बॅरल आणि लिमिट स्क्रू (चेन दोन्ही टोकांना कुठवर सरकेल ते ठरवणारे स्क्रू) वाटेत स्वतःहून फिरत नाहीत. काल जमवलेलं सेटिंग आज बिघडलं असेल तर बदल दुसरीकडे कुठेतरी झालाय : चेनमध्ये, केबलमध्ये किंवा हँगरमध्ये, म्हणजे गिअर बदलणारा मागचा भाग फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्यात. तो न शोधता रोज स्क्रू पिळत राहिलं की चौथ्या दिवशी मूळ दोष कोणता आणि आपण केलेला कोणता, तेच कळेनासं होतं.

हे नेमकं किनाऱ्यावरच का होतं ते आधी बघू. पुणे-सातारा रस्त्यावर हीच सायकल आठवडाभर बिनतक्रार चालते.

पहिलं कारण म्हणजे इथे गिअर फार बदलावे लागतात. नकाशात सागरी रस्ता समुद्राच्या कडेने जाणारी सपाट रेघ दिसतो. प्रत्यक्षात प्रत्येक खाडीला समुद्रसपाटीपर्यंत उतरायचं आणि पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ माळावर, चढायचं. आंजर्ले, केळशी, हेदवी, जयगड, आरे-वारे, पूर्णगड, कुठलाही टप्पा घ्या, उतार आणि चढ यांच्यामध्ये गावातला एखादा पूल नाहीतर वळण असतं, आणि तेवढ्यात सबंध कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) इकडून तिकडे करावी लागते. हायवेवर दिवसभरात होतात तितके बदल इथे सकाळच्या न्याहारीपर्यंत होतात. त्यामुळे हायवेवर जो दोष कळलाही नसता तो इथे ठणाठणा वाजतो.

दुसरं कारण मीठ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळतं, क्षार राहतात. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओल ओढून घेतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात ते त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेला ओलसर होतात. म्हणजे दुपारी कोरडी दिसणारी चेन रात्री खळ्यात उभी ठेवली की दवाने आणि स्वतःच्या मिठाने पुन्हा भिजते, आणि सकाळी कड्यांच्या कडेला तांबूस रेघ दिसते. तीच ओल केबलच्या आउटरमध्येही (बाहेरच्या नळीतही) शिरते, फक्त ती दिसत नाही.

तिसरं कारण जांभ्याची धूळ. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर चिऱ्यांचे ट्रक ये-जा करतात तिथे ती पिठासारखी उडते. तेल लावलेल्या चेनवर बसली की तिची लाल लुकण होते. त्यात पुळणीची वाळू मिसळली की ती लुकण पॉलिश पेपरचं काम करायला लागते.

आणि चौथं, ज्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, ते म्हणजे फेरीबोट. आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना इतक्या ठिकाणी सायकल बोटीत चढते-उतरते. बोटीची फळी धक्क्यावर टेकते तिथे खारं पाणी साचलेलं असतं, त्यातून चाकं जातात. पण खरा धोका पाण्याचा नाही. आपण सायकल कठड्याला टेकवून फोटो काढायला वर जातो, आणि शेवटच्या क्षणाला चढलेल्या मोटारसायकली मागे-पुढे सरकवल्या जातात. एखाद्या दुचाकीचं फूटरेस्ट आपल्या आरडीला (रिअर डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग) कधी घासून गेलं ते आपल्याला कळतही नाही.

आता मूळ कामाकडे. सायकल हातात घेतल्यावर हत्याराला हात न लावता आधी लक्षणं बघायची. मागच्या कॅसेटच्या मोठ्या चकत्या म्हणजे हलके गिअर, चढाचे. लहान चकत्या म्हणजे जड, उताराचे. साथीदाराने सीट धरून मागचं चाक उचलायचं, आपण पायडल फिरवत एकेक गिअर टाकायचा, वर जाताना आणि खाली येताना. एकटे असाल तर झाडाच्या आडव्या फांदीला सीटचं नाक अडकवा. कोकणात आंब्याच्या कलमाची फांदी बरोबर त्या उंचीची सापडते, फक्त मालकाला विचारून आणि मोहोर नसताना.

आवाज आहे, पण गिअर बरोबर पडतात

हा रोग चेनचा आहे, आरडीला अजिबात हात लावू नका. कोरडी चेन चिवचिवते, वाळू गेलेली चेन करकर दळते. दोन्हीवर वरून आणखी तेल ओतणं हा उपाय नव्हे. वाळूवर तेल टाकलं की ती आत बसते.

मुक्कामी पोहोचल्याबरोबर, आंघोळीच्या आधी, बादलीभर गोडं पाणी घ्या. चेन, कॅसेट, जॉकी व्हील (आरडीतली दोन छोटी चाकं) यांवर मगाने हळू ओता. सर्व्हिस सेंटरचा प्रेशरचा पाइप मारू नका, तो हबच्या (चाकाच्या मध्याच्या) आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलच्या आसाच्या) बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो. जुना टूथब्रश फिरवा, फडक्यात चेन धरून पायडल उलटं फिरवत पुसा. फडकं काळं येणं थांबलं नाही तरी लाल येणं थांबलं की पुरे. मग अर्धा तास वारा लागू द्या, आणि प्रत्येक रोलरवर लूबचा एकेक थेंब, आतल्या बाजूने. रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी निघताना कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसून टाकायचं. हे पुसणं लोक टाळतात आणि नेमकं तेच महत्त्वाचं आहे. तेल रोलरच्या आत हवं, बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं.

कुठलं लूब, यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत : ड्राय लूब फेरीबोटीच्या एका शिडकाव्यात निघून जातं, आणि घट्ट वेट लूब सड्यावरची सगळी माती घेऊन येतं. पातळ वेट लूब रोज थोडं लावावं आणि रोज पुसावं, त्यात कटकट आहे पण निभतं. मेणात उकळलेली चेन वाळूला उत्तम, मात्र खाऱ्या पाण्यात भिजली आणि तशीच ठेवली तर गंज फार लवकर धरते. लूब संपलं तर गावातल्या दुकानात शिलाई मशीनचं तेल मिळतं, ते दिवसभराला चालतं. गॅरेजमधलं जळकं ऑइल नको. खोबरेल तेल घरोघरी असतं आणि यजमान प्रेमाने पुढे करतात, पण थंडीतल्या पहाटे ते थिजतं. डब्ल्यूडी-४० पाणी उडवायला चांगला आहे, चेनचं वंगण म्हणून टिकत नाही. डिस्क ब्रेक असतील तर कुठलाही स्प्रे मारण्याआधी रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) प्लास्टिकची पिशवी चढवा, नाहीतर गिअर सुधारतील आणि ब्रेक जातील.

धुण्याची जागा माडाचं आळं चालेल का, असं विचारलं तर बरेच यजमान हो म्हणतात. माडाला मीठ चालतं, काही जण तर मुद्दाम घालतात. डिझेल किंवा डीग्रीझर वापरणार असाल तर मात्र आळ्यापासून आणि विहिरीपासून लांब.

मोठ्या चकतीकडे पटकन जातो, लहानकडे येताना अडखळतो

किनाऱ्यावरचा सगळ्यात जास्त दिसणारा दोष हाच, आणि सगळ्यात जास्त चुकीचा उपचारही याच्यावर होतो.

आरडीचं तंत्र साधं आहे. मोठ्या चकतीकडे तिला आपण केबलने ओढतो. लहान चकतीकडे ती स्वतःच्या स्प्रिंगने परत येते, आपण फक्त केबल सोडतो. अंगठ्याचा जोर स्प्रिंगपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे केबल आउटरमध्ये घासत असली तरी ओढताना कळत नाही. परत येताना मात्र बिचारी स्प्रिंग त्या घर्षणाला पुरी पडत नाही. म्हणून 'वर छान, खाली आळशी' असं लक्षण दिसलं की बहुतेक वेळा केबल अडकतेय असं समजा.

लोक इथे काय करतात? खाली येत नाही म्हणून बॅरल आत फिरवून केबल सैल करतात. त्याने खाली येणं सुधारतं आणि वर जाणं बिघडतं. मग वर जात नाही म्हणून पुन्हा ताण. असा झोपाळा चार दिवस चालतो.

ओल कुठे जमते ते बघा. मागच्या चाकाजवळ, चेनस्टेवरून (चेनशेजारच्या फ्रेमच्या नळीवरून) आरडीकडे वळणारा आउटरचा शेवटचा तुकडा. त्याला अर्धगोल वळण असतं आणि पाणी सगळ्यात खालच्या बिंदूला साचतं. बॉटम ब्रॅकेटच्या खालून उघडी केबल जात असेल तर तिथला प्लास्टिकचा गाइडही बघा. उलटी करून ठेवलेली सायकल पाहिलीत तर त्या खाचेत ओली लाल माती भरलेली दिसेल.

उपाय वाटेतही होतो. पायडल फिरवत चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर न्या. मग पायडल थांबवून, चाक न फिरवता, शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) लहान चकतीच्या गिअरपर्यंत टिचक्या मारत आणा. आरडी हलणार नाही, पण केबल सैल पडेल. फ्रेमवरच्या फटी असलेल्या स्टॉपमधून (आउटरचं टोक टेकतं त्या खोबणीतून) आउटर बाहेर काढता येतं. आउटर सरकवून आतली केबल उघडी करा आणि फडक्याने पुसा. आउटरच्या तोंडात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडा, पुढे-मागे सरकवा. दुसऱ्या टोकाने पहिल्यांदा जे पाणी बाहेर येतं त्याचा रंग चहासारखा असतो. स्वच्छ तेल येईपर्यंत हे करत राहा. पूर्ण बंद फ्रेममधून केबल गेली असेल तर हे जमणार नाही, तिथे फक्त आरडीजवळचा तुकडा साफ करता येतो. पण बहुतेक वेळा दोष तिथेच असतो.

केबल खरखरीत झाली असेल, बोटाला टोचत असेल, तर तेलाचा उपयोग नाही. बदला. गिअरची केबल १.२ मिलिमीटरची, ब्रेकची त्याहून जाड. आउटरच्या बाबतीत गावातल्या दुकानात नीट बघून घ्या : गिअरचं आउटर ४ मिलिमीटरचं आणि त्यात तारा लांबीच्या दिशेने असतात, ब्रेकचं ५ मिलिमीटरचं आणि आत स्प्रिंगसारखं वेटोळं असतं. साध्या सायकलींच्या दुकानात ब्रेकचंच मिळतं आणि दुकानदार निर्धास्तपणे तेच लावून देतो. ते दाबलं की किंचित आकसतं, आणि गिअरला किंचितही चालत नाही. ८ स्पीडमध्ये दोन चकत्यांच्या मध्यांतलं अंतर ४.८ मिलिमीटर असतं, १० स्पीडमध्ये ते ३.९५ वर येतं. जितके गिअर जास्त, तितकी चूक कमी खपते. जुनी ८ स्पीडची सायकल कोकणात तक्रार न करता चालते आणि शेजारची महागडी रडते, त्याचं एक कारण हे.

रोज एकाच दिशेने बॅरल फिरवावा लागतो

सोमवारी अर्धा फेरा ताण, मंगळवारी अर्धा, बुधवारी पुन्हा अर्धा. मोठ्या चकतीकडे जायला रोज थोडं कमी पडतं. नवी केबल पहिल्या दिवसांत थोडी बसते, आउटरची टोकं जागेवर दबतात, हे खरं. पण जुन्या केबलला असं होत असेल तर दोनच शक्यता. एक, आरडीवर केबल धरणारा बोल्ट सैल आहे आणि ती घसरतेय. बोल्टच्या पुढच्या शेपटीवर पेनने खूण करा. तासाभरात खूण सरकली तर झालं निदान. दुसरी शक्यता जास्त वाईट : शिफ्टरच्या आत, केबलच्या टोकाच्या धातूच्या गोळीजवळ, एकेक तार तुटतेय. तिथे केबलला प्रत्येक टिचकीला तीव्र वळण बसतं आणि त्यात खारी ओल. ड्रॉप हँडलच्या (खाली वळलेल्या हँडलच्या) सायकलींत हे जास्त.

याची परीक्षा आजच करा, उद्यावर ढकलू नका. सगळ्यात लहान चकतीवर या, शिफ्टरचं झाकण किंवा रबर उचला आणि केबल थोडी बाहेर ढकला. एखादी तार ताठ उभी दिसली की केबल लगेच काढायची. ती पूर्ण तुटली तर गोळी आणि दोन इंचांचा तुकडा शिफ्टरच्या पोटात अडकतो, आणि तो काढायला चिमटा, टॉर्च आणि संयम लागतो. कुसळांसारख्या मोडलेल्या तारा बोटात घुसतात ते वेगळंच.

वाटेतच तुटली तर घाबरू नका. आरडी स्प्रिंगने सगळ्यात लहान चकतीवर जाईल, म्हणजे सगळ्यात जड गिअर. त्यावर कोकणातला चढ चढणं अशक्य. एच लिहिलेला लिमिट स्क्रू आत पिळत गेलात तर आरडी एक-दोन चकत्या वर ढकलली जाते. पुढे लहान चेनरिंग (पायडलजवळची दातेरी चकती) असेल तर त्यावर या. एवढ्यावर गाव गाठता येतं. लिमिट स्क्रू फिरवण्याची वेळ किनाऱ्यावर क्वचितच येते, त्यातली ही एक. किती फेरे दिले ते मोजून लिहून ठेवा, परत तेवढेच काढायचेत.

लहान चकत्यांवर छान, मोठ्यांवर बिघाड (किंवा उलट)

मधल्या गिअरला सेट केलं की टोकाला बिघडतं, टोकाला केलं की मधे. हे लक्षण हँगर वाकल्याचं. हँगर म्हणजे फ्रेम आणि आरडी यांच्यामधला तो मऊ ॲल्युमिनियमचा तुकडा. आघात झाला तर फ्रेमऐवजी त्याने वाकावं म्हणूनच तो मऊ ठेवलेला असतो. बोटीतल्या धक्क्याने, एसटीच्या टपावर, टेम्पोत आडवी टाकल्याने किंवा चेनच्या बाजूवर नुसती उभ्या-उभ्या पडल्यानेही तो वाकतो.

चाकाच्या बरोबर मागे उकिडवे बसा, एक डोळा मिटा. जॉकी व्हीलची दोन चाकं आणि त्यांच्या वरची चकती एका उभ्या रेषेत दिसायला हवीत. खालचं चाक स्पोककडे झुकलं असेल तर हँगर आत गेलाय.

आत वाकलेला हँगर घेऊन सगळ्यात मोठ्या चकतीवर कधीही जाऊ नका. हे मी ठळक अक्षरांत लिहिलं असतं तरी कमीच. चढ आला, गिअर कमी पडला, आपण शेवटची टिचकी मारतो, आणि आरडीचा पिंजरा (जॉकी व्हील धरणारा सांगाडा) स्पोकमध्ये शिरतो. मग हँगर, आरडी, काही स्पोक आणि कधीकधी चेनसुद्धा एकदम जाते. नीट होईपर्यंत एल लिहिलेला स्क्रू आत फिरवून ती चकती बंदच करून टाका, म्हणजे घामाघूम अवस्थेत चुकून हात जाणार नाही.

तात्पुरतं सरळ करायचं तर आरडी फ्रेमला ज्या बोल्टने लावलेली असते त्यात ५ मिलिमीटरची ॲलन की घाला, दुसऱ्या हाताने आरडीचं अंग धरा आणि हळूहळू बाहेर ओढा. किंचित ओढा, मागून बघा, पुन्हा किंचित. हिसका नको. ॲल्युमिनियम एकदा वाकलं ते एकदा सरळ होतं, तिसऱ्या-चौथ्या वेळेला चीर जाते. म्हणून सुटा हँगर बरोबर हवाच. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, रत्नागिरीतच काय मुंबईतही आयत्या वेळी मिळेल याची खात्री नाही. पिशवीत ठेवण्याआधी एकदा घरी लावून बघा, नुसता दिसायला सारखा असून चालत नाही.

बोटीत न वाकण्यासाठी : चढण्याआधी चेन मोठ्या चकतीवर घ्या, त्याने आरडी आत सरकते आणि बाहेर कमी डोकावते. कठड्याला सायकलची डावी बाजू टेकवा, चेनची बाजू मोकळी. पुढचा ब्रेक रबरी पट्टीने बांधा म्हणजे बोट हेलकावली तरी सायकल चालू लागणार नाही. आणि सायकलपाशीच उभे राहा. खाडीतला वारा तिथेही लागतो.

चढावर जोर दिला की चेन उडी मारते

ही उडी आणि गिअर आपणहून बदलणं यात फरक आहे. इथे चेन त्याच चकतीवर राहते, पण दातावरून घसरून 'खाट्' करते आणि पाय पुढे जातो.

उड्यांमधलं अंतर मोजा. ११४ कड्यांची चेन आणि पुढे ३४ दातांची चेनरिंग असेल तर चेनचा एक पूर्ण फेरा साधारण ३.३५ पायडलमध्ये होतो. दर तीन-साडेतीन पायडलला एकदा खाट् होत असेल तर चेनचं एकच कडं दोषी आहे. पायडल हळू उलटं फिरवा आणि नजर खालच्या जॉकी व्हीलवर ठेवा. शंभर कडी गुळगुळीत वळून जातात, आणि मग एक येतं ते वळल्यावर सरळच होत नाही, कोपरा करून तसंच पुढे जातं, आणि ते जाताना पिंजरा किंचित टुणकन हलतो. तेच ते. गंज धरलेलं असतं. तेलाचा थेंब द्या, दोन्ही बाजूंनी चेन धरून त्या कड्यापाशी आडवी, म्हणजे चेन एरवी ज्या दिशेला वळत नाही त्या डाव्या-उजव्या दिशेला, हलकेच वाकवा. दोन-तीन वेळा. बहुतेक सुटतं.

उडी एक-दोन ठरावीक चकत्यांवरच होत असेल तर चकती झिजलीय. विशेषतः राइडच्या आठवडाभर आधी हौसेने नवी चेन टाकली आणि कॅसेट जुनीच ठेवली, तर हे होणारच. जुन्या चेनबरोबर झिजलेल्या दातांवर नवी चेन बसत नाही, जोर आला की चढते. वाटेत याला इलाज नाही, ती चकती टाळायची. घरी असताना मात्र मोजून घ्या : नव्या चेनची २४ कडी बरोबर १२ इंच भरतात. पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत पोलादी पट्टी लावा. १/१६ इंचाने वाढली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. १/८ पर्यंत गेली असेल तर कॅसेटही बदलावी लागणार असं धरून चाला. आणि काय बदलायचं ते निघायच्या निदान दोन आठवडे आधी बदला, म्हणजे नव्या केबलचं बसणं घराजवळच होऊन जाईल.

पुळणीवरून न्यायची का?

दिवेआगर, कर्दे, गुहागर इथे ओहोटीची पुळण इतकी घट्ट असते की मोह आवरत नाही, आणि मिश्र रस्त्याची राइड म्हटल्यावर थोडी हवीही. संध्याकाळी धुवायला पाणी आहे याची खात्री असेल त्या दिवशी जा. दिवसाच्या शेवटच्या टप्प्यात जा, सकाळी नको, नाहीतर वाळू चेनमध्ये घेऊन दिवसभर दळत बसाल. वेळ ठरवायला मोबाइल लागत नाही. कोकणातला जुना हिशेब : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. दोन्ही पक्षांत चालतो, थोडा मागेपुढे. ओहोळ पुळणीवरून समुद्राला मिळतात तिथे उतरून सायकल उचला. हबपर्यंतचं पाणी हाच खरा घात. वेळास, आंजर्ले, गुहागर भागात हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात, ती भरतीच्या रेषेच्या वर, मऊ वाळूत. त्या पट्ट्यात चाक घालायचंच नाही.

रात्री सायकल अंगणात नको. पडवीत घ्या, ती नसेल तर निदान चेनवर आणि आरडीवर जुनं फडकं गुंडाळा. दवापासून तेवढं वाचलं तरी सकाळची तांबूस रेघ येत नाही.

बरोबर काय हवं : सुटा हँगर, एक गिअर केबल, हातभर गिअरचं आउटर टोप्यांसकट, दोन क्विक लिंक (चेन जोडायच्या सुट्या कड्या), चेन ब्रेकर, ५ मिलिमीटरच्या ॲलन कीसह साधा संच, छोटी लूबची बाटली, टूथब्रश, दोन फडकी. गिअरच्या सायकलीचा हात असलेला माणूस अलिबाग, दापोली, चिपळूण, रत्नागिरी अशा मोठ्या गावांत सापडण्याची शक्यता जास्त. मधल्या गावांत पंक्चरवाला मिळेल, हवा मिळेल, हँगर मिळणार नाही.

हँगर तुटलाच आणि सुटा नसेल, तर आरडी काढून फ्रेमला बांधा आणि चेन तोडून एकाच गिअरची सायकल करा. पुढची लहान चेनरिंग आणि मागची अशी चकती निवडा की चेन वरून बघताना सरळ दिसेल, तिरकी नाही. तिरकी राहिली तर जोर आल्यावर ती शेजारच्या मोठ्या चकतीवर चढू बघते, कडक होते आणि अडकते. कडी तोडताना घट्ट बसेल इतकीच ठेवा, पण ओढाताण करून नको. सपाटीला आणि उताराला अशी सायकल चालते. चढ आला की उतरून ढकला, आणि कोकण रेल्वेचं स्टेशन किनाऱ्यापासून बरंच आत असतं हे लक्षात घेऊन टेम्पोची चौकशी अंधार पडायच्या आत सुरू करा.